सकवारबाईंसाठी हलकी दुर्बीण

मानसिंगराव लाडांनी कन्नड मुलखात, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं नोकरी केली आणि त्या सगळ्या वर्षांत त्यांचं काम एकच होतं, दुसऱ्याने केलेल्या मालात खोट काढणं. पंपाला लागणारे दांडे तयार होऊन त्यांच्या टेबलावर यायचे. मानसिंगराव एकेक दांडा उचलून मायक्रोमीटरमध्ये धरायचे आणि केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा जरी फरक निघाला, तरी त्याच्यावर लाल फराटा ओढून बाजूला टाकायचे. कारखान्यातले लोक म्हणत, लाडांच्या टेबलापुढे साक्षात मारुती येऊन उभा राहिला, तरी हा माणूस आधी त्याची शेपटी मोजून घेईल. ही थट्टा मानसिंगरावांच्या कानावर यायची आणि खरं सांगायचं तर त्यांना ती आवडायची.

निवृत्तीनंतर टेबल सुटलं, पण खोड सुटली नाही. अगरा तळ्याजवळ, एचएसआर लेआउटच्या कडेला, वाटणीत मिळालेल्या साइटवर त्यांनी दोन मजली घर बांधलं. त्या घराचा प्रत्येक दरवाजा त्यांनी सुताराला निदान दोनदा काढून पुन्हा बसवायला लावला होता. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, असं लाडांचं कित्येक पिढ्या चालत आलं होतं. बायकोचं सकवार हे नावही असंच, कुठल्याशा पणजीकडून आलेलं. मूलबाळ नव्हतं. सकवारबाईंनी पस्तीस वर्षांत नवऱ्याकडे म्हणून काही मागितलं नाही. मागितलं तर हा माणूस आणायला सहा महिने लावील, हे त्यांना पुरतं ठाऊक असावं.

साठी जवळ आली आणि सकवारबाईंना पक्ष्यांचं वेड लागलं. वरच्या मजल्यावर संहिता नावाची पुण्याची मुलगी भाड्याने राहायची. कंपनीच्या कामातून वेळ मिळाला की ती रविवारी सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून तळ्यावर जायची. एकदा ती सकवारबाईंना सोबत घेऊन गेली. त्या दिवशी त्यांनी पाण्यात पोहणारी टिबुकली पाहिली आणि तिच्या पाठीवर पिसांत दडून बसलेली दोन पिल्लं पाहिली. घरी आल्यावर त्यांनी ती हकिगत मानसिंगरावांना सांगितली, शेजारणीला सांगितली आणि जेवताना मानसिंगरावांना पुन्हा सांगितली. त्यानंतर त्यांनी एकही रविवार चुकवला नाही.

मग एक दिवस त्यांना कपड्यांचा चिमटा दाबता येईना. आधी त्यांना वाटलं, चिमटाच घट्ट असेल. पुढे कुकरचं झाकण लागेना, ब्लाउजची हुकं लागेनात. तपासण्या झाल्या, आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की ह्याला औषध नाही. आधी हातांतली ताकद जाईल, मग बाकीची. किती दिवसांत, असं मानसिंगरावांनी तीनदा विचारलं. डॉक्टर तिन्ही वेळा सांगता येत नाही म्हणाले. ज्याचं माप सांगता येत नाही अशी गोष्ट मानसिंगरावांच्या आयुष्यात पहिल्यांदाच आली होती, आणि ते फार घाबरले.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकवारबाई तळ्यावरून लवकर परत आल्या. संहिताची जडशी दुर्बीण त्यांना आता डोळ्यांपर्यंत नेता येत नव्हती.

“आपल्याकडं एक हलकी दुर्बीण असती तर बरं झालं असतं वो,” खुर्चीत बसता बसता त्या म्हणाल्या. “हात आहेत तंवर बघून घेतलं असतं.”

एवढंच म्हणून त्यांनी विषय सोडला. मानसिंगरावांनी मात्र मनाशी पक्कं केलं, की दुर्बीण आणायची, आधी कळू द्यायचं नाही, आणि आणायची ती अशी की तिच्यात बोट ठेवायला जागा राहता कामा नये.

त्यांनी काम हातात घेतलं ते टेबलावरच्याच शिस्तीने. पहिला प्रश्न वजनाचा. सकवारच्या हातांना किती पेलतं? त्यांनी प्लास्टिकची पाण्याची बाटली घेतली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाचशे ग्रॅम होईपर्यंत भरली आणि बायकोला म्हणाले, “ही दोन्ही हातांनी डोळ्यांपर्यंत उचलून धर. व्यायाम आहे.” पक्षी नीट बघायचा तर एक मिनिट तरी हात वर राहायला हवा, असा त्यांचा हिशेब होता. सकवारबाईंनी बाटली उचलली. मानसिंगराव घड्याळाकडे बघत राहिले. सत्तर सेकंद झाले. त्यांनी वहीत आकडा लिहिला आणि दुसऱ्या दिवशी बस धरून शहरातल्याच शिवाजीनगरच्या बाजारात गेले.

तिथल्या एका जुन्या चष्म्याच्या दुकानात दुर्बिणी मिळायच्या. म्हाताऱ्या दुकानदाराने एक काढून दिली. आठ पटीने मोठं दाखवणारी, वजन चारशे ऐंशी ग्रॅम. मानसिंगरावांनी दारात उभं राहून ती समोरच्या बेकरीच्या पाटीवर रोखली. अक्षरं लख्ख दिसली. पाटीवर बसलेल्या कावळ्याची चोचसुद्धा दिसली.

“किसके वास्ते है साब?” दुकानदाराने विचारलं.

“बीवी के लिए. हाथ में ताकद कम है उसके.”

“तो फिर सोचते काय कू? आजच ले जाव.”

पण मानसिंगराव विचार करत होते. आज सत्तर सेकंद आहेत, पुढच्या महिन्यात किती असतील? थोडं कमीच धरून चाललं पाहिजे. आणखी हलकी बघू, असं म्हणून त्यांनी दुर्बीण परत दिली. त्या दिवशी ती पिशवीत घालून ते घरी आले असते, तर ही गोष्ट सांगायचं कारणच पडलं नसतं.

नोव्हेंबरात त्यांनी साडेतीनशे ग्रॅमची एक मागवली. तिच्यातून बघताना कडेची अक्षरं स्वल्प जांभळी दिसली. परत पाठवली. दुसरी आली, तिची डाव्या डोळ्याला टेकणारी रबरी वाटी किंचित सैल होती. परत. तिसरीचं फोकसचं चाक घट्ट होतं, सकवारला ते फिरवता येणार नाही म्हणून परत. ह्या कारणात तथ्य होतं, हे कबूल केलं पाहिजे. पार्सलं येत, ती संहिताच्या खोलीत उघडली जात आणि तिथूनच परत जात.

“काका, परफेक्ट काही नसतं हो,” ती एकदा वैतागून म्हणाली. “त्यांना फक्त पक्षी बघायचेत. कुठलीही एक फायनल करा ना, प्लीज.”

“घाई करून खराब माल द्यायचा काय तिला?” मानसिंगराव म्हणाले. “अजून वेळ आहे. मी मोजतोय.”

मोजत होते हे खरं. दर सोमवारी सकाळी बाटलीत पाणी भरलं जायचं. चारशे ग्रॅमला पासष्ट सेकंद. तीनशेला बासष्ट. वजन थोडं थोडं कमी करावं लागत होतं, पण मिनिट काही मोडत नव्हतं. वहीतले ते आकडे बघून मानसिंगरावांना धीर यायचा. डॉक्टर म्हणाले त्याहून ही पक्की आहे, असं ते मनात म्हणायचे. बाटली खाली ठेवल्यावर सकवारबाई पलंगावर आडव्या व्हायच्या आणि दुपारपर्यंत उठायच्या नाहीत. ते मानसिंगरावांनी वहीत लिहिलं नाही, कारण वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

फेब्रुवारीत अखेर एक दुर्बीण त्यांच्या पसंतीस उतरली. घडी घालून तळहातावर मावणारी, एकशे ऐंशी ग्रॅमची. कडेला रंग नाही, वाट्या घट्ट, चाक बोटाच्या टोकाने फिरणारं. मानसिंगरावांनी ती सकाळी बघितली, दुपारी बघितली, गच्चीवर जाऊन संध्याकाळच्या उजेडात बघितली. खोट निघेना. त्या रात्री ते कित्येक महिन्यांनी शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी सोमवार. त्यांनी बाटलीत एकशे ऐंशी ग्रॅम होईपर्यंत पाणी भरलं. सकवारबाईंनी दोन्ही हात बाटलीभोवती नेले. बाटली टेबलावरून उठली नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मानसिंगरावांनी पाणी ओतून टाकलं आणि रिकामी बाटली पुढे ठेवली. ती छातीपर्यंत गेली आणि हातातून निसटून फरशीवर पडली.

“आज नाही जमत वो,” सकवारबाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी ते दोघं तळ्यावर गेले. पाय अजून साथ देत होते. पाण्याजवळच्या बाकावर बसल्यावर मानसिंगरावांनी पिशवीतून खोका काढून बायकोच्या मांडीवर ठेवला. तिला तो उघडता येईना, तेव्हा त्यांनीच उघडला. सकवारबाई त्या छोट्याशा काळ्या दुर्बिणीकडे बघत राहिल्या.

“कवा आणली?”

मानसिंगरावांनी सगळं सांगितलं. शिवाजीनगरचं दुकान, जांभळी अक्षरं, सैल वाटी, परत पाठवलेली पार्सलं, सोमवारची बाटली. सांगता सांगता आपण काय सांगतो आहोत हे त्यांच्या स्वतःच्याच कानांना ऐकू यायला लागलं, आणि त्यांचा आवाज बारीक होत गेला.

“म्हणजे बाटली ह्यासाठी होती?” सकवारबाईंनी विचारलं.

“मग तुला काय वाटलं?”

“मला वाटलं, मी किती दिवस राहणार ते बघायलात.” त्या जराशा हसल्या. “तुम्ही घड्याळाकडं बघत उभे राहायचात. मिनिट व्हायच्या आत ठेवली तर तुमचं तोंड एवढंसं होणार. म्हणून दात आवळून धरून ठेवायची मी. पार खांद्यापासनं कळा यायच्या. दोन-दोन दिवस मग ताट उचलायला व्हायचं नाही.”

त्यांच्या वहीतला एकही आकडा खरा नव्हता. आणि जो खरा होता तो त्यांना आता कळला होता. तिच्या हातांत उरलेलं चार महिन्यांचं बळ होतं. त्या बळावर तिने ह्या तळ्यावरचे सगळे पक्षी बघितले असते. ते बळ तिने पाण्याची बाटली उचलण्यात घालवलं होतं, त्यांच्यासाठी. त्यांना वाटलं आपण इथेच मोठ्याने रडावं, पण समोरून फिरायला आलेली माणसं जात होती.

“ते बगा, मिंचुळ्ळी!” सकवारबाई एकदम म्हणाल्या. खंड्याला त्या कन्नड नावानेच ओळखत. पाण्यात रोवलेल्या वाळक्या काठीवर तो निळाशार पक्षी चोच खाली करून बसला होता. “दाखवा की मला. स्वल्प लवकर.”

मानसिंगराव धडपडत उठले, बाकामागे गेले आणि त्यांनी दोन्ही बाजूंनी हात पुढे घेऊन दुर्बीण तिच्या डोळ्यांना लावली. डोळ्यांमधलं अंतर जुळवलं. तिचा चष्मा वर सरकवला. चाक थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे.

“दिसतंय का गं?”

“स्वल्प धुरकट आहे. हां, आता. आता दिसतंय.”

मानसिंगरावांनी तिच्या डोक्यावरून पाण्याकडे पाहिलं. काठी मोकळी होती. खंड्या उडून गेला होता, ते अंतर जुळवत होते तेव्हाच कधीतरी.

“काय दिसतंय?” त्यांनी विचारलं.

“मिंचुळ्ळी,” सकवारबाई म्हणाल्या. “लई छान दिसतीय वो. पंखांचा निळा रंगसुद्धा दिसतोय. हात काढू नका.”

मानसिंगराव दुर्बीण धरून तसेच उभे राहिले.