पाच नंबरचं अंडं

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. घरात रिकाम्या बरण्या जमतात तसे ते जमत राहतात आणि एक दिवस कपाट उघडलं की अंगावर येतात. आमच्या कोंबडी मंडळाचे किस्से तसेच आहेत. मी सांगायला बसले की भाची म्हणते, "मावशी, चहा ठेवू का आधी? लांबणार दिसतंय." ठेव म्हणते मी.

मंडळ म्हणजे आम्ही तिघंच. एक मी. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं सहायक होते, निवृत्त झाल्यावर शनिवार पेठेतली जागा सोडून धायरीत फ्लॅट घेतला. दुसरे माझ्या समोरच्या दारातले वानखेडे. मूळचे अमरावतीकडचे, इथे कारखान्यात इलेक्ट्रिशियन. आणि तिसरी पारूअक्का. आमच्या बिल्डिंगच्या मागच्या भिंतीला लागून तिचं पत्र्याचं घर आहे, पुढे अंगण, शेवगा आणि खुराडं. धायरी गाव होतं तेव्हापासून ती तिथेच राहते. अक्काला ऐकू फार कमी येतं. मुलानं कानाचं मशीन आणून दिलंय, ते खराब होईल म्हणून ती डब्यात ठेवते.

उन्हाळ्याच्या शेवटी मर आली आणि आठवड्याभरात अक्काचं खुराडं रिकामं झालं. बावीस कोंबड्या गेल्या, कोंबडा गेला, उरली एक म्हातारी काळी कोंबडी आणि तिची अकरा अंडी. अक्का लग्न होऊन आली तेव्हा सासूनं चार कोंबड्या तिच्या ताब्यात दिल्या होत्या. हा सगळा त्यांचाच वंश. काळी अंडी घालायची, पण खुडूक बसायचं तिनं कधीच सोडून दिलं होतं, आणि अंडी उबवायला दुसरी कोंबडी उरली नव्हती.

अंडी तांदळाच्या डब्यात घालून अक्का माझ्या दारात आली. "बाई, तुमी शाळंत अंड्यातनं पिल्लं काढून दावायचा म्हनं पोरास्नी."

आम्ही शाळेत अंडं फोडून बशीत दाखवायचो. पण तिच्या हातातला डबा बघून मला ते सांगवेना.

"बाजारातून दुसऱ्या आणल्या तर?" मी तिच्या कानाशी ओरडून विचारलं.

"आनू की. पन त्या बाजारातल्या हुतील."

* * *

अंडी उबवायचं मशीन करायचं वानखेड्यांनी अंगावर घेतलं. औषधाच्या दुकानातून थर्मोकोलचा मोठा खोका आणला, त्यात बल्ब, पाण्याची वाटी आणि कॉम्प्युटरचा जुना पंखा. तापमान सांभाळणारा कंट्रोलर तेवढा हवा होता, तो घ्यायला आम्ही दोघं बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो.

दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "कशाला लावायचाय?"

"अंडी उबवायची आहेत," वानखेडे म्हणाले.

"किती?"

"अकरा."

आता मात्र त्यानं मान वर केली. आधी वानखेड्यांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "कोंबड्यांचा संप आहे का सध्या?"

कंट्रोलर मात्र चांगला दिला. कसा लावायचा ते कागदावर काढूनही दिलं. पुण्यातल्या दुकानांत बोलणं आणि माल वेगवेगळा तोलून घ्यायचा असतो, हे वानखेड्यांना मी परतीच्या वाटेवर समजावून सांगितलं.

* * *

खोका माझ्या बैठकीच्या खोलीत बसला. तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी दामले आले. इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल. ते बसले नाहीत.

"आपल्या इमारतीत कोंबड्या पाळायला परवानगी नाही, हे आपणांस ठाऊक असेलच."

"कोंबड्या कुठे आहेत? अंडी आहेत. अंडी तर तुमच्याही फ्रिजमध्ये असतील."

"असतात. पण आमची अंडी एकवीस दिवसांनी चालू लागत नाहीत."

बाविसाव्या दिवशी खोका अक्काच्या घरी हलवीन, असं त्यांनी माझ्याकडून लेखी घेतलं.

* * *

अंडी दिवसातून काही वेळा उलटावी लागतात, नाहीतर आतला जीव कवचाला चिकटतो. कुठली बाजू वर होती ते कळावं म्हणून पेन्सिलनं खुणा करतात. मी प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला नंबर घातला आणि दुसऱ्या बाजूला 'श्री' लिहिलं. नवीन वहीला करतो तसंच, हात आपोआप गेला.

सकाळी आणि संध्याकाळी मी अंडी उलटायचे आणि वहीत वेळ लिहायचे. सहाव्या दिवशी सकाळी अंडी उलटून अंघोळीला गेले आणि बाहेर येऊन बघते तर अक्का खोक्यात हात घालून बसलेली. एकेक अंडं उचलून 'श्री' वर करून ठेवत होती.

"अक्का, काय करतेस?"

"देवाचं नाव पालथं पडलंय की सगळीकडं. रोजच पडतंय. कोन पाडतंय कळंना."

रोज सकाळ-संध्याकाळ ती मला भाजी द्यायला यायची, तेव्हा हेच चालू होतं. सकाळी मी उलटायचे, ती सुलटी करायची. संध्याकाळी मी उलटायचे, ती पुन्हा सुलटी करायची. आणि मला वाटायचं, वानखेडे अधूनमधून हात लावत असतील. मी कपाळाला हात लावून बसले. तीस वर्षं प्रयोगांच्या नोंदी ठेवल्या आणि अक्काचा वंश मी एका 'श्री'पायी घालवला असं वाटून मला रडूच आलं.

वानखेडे ड्यूटीवरून आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, पुस्तकात किती वेळा उलटवायला सांगून राहिले?"

"कमीत कमी तीनदा."

"तुम्ही दोनदाच उलटवत होत्या. अक्का दोनदा. चार झाले ना."

तेव्हापासून वहीत मी अक्काच्याही वेळा लिहू लागले.

* * *

आठव्या दिवशी अंडी तपासायची होती. पडदे ओढून खोली अंधारी केली आणि वानखेड्यांनी मोबाइलच्या टॉर्चवर एकेक अंडं धरलं. चार अंडी नुसतीच पिवळी दिसली, त्यांत काही नव्हतं. सातांत लाल शिरांची जाळी पसरलेली होती.

पाच नंबरचं अंडं अक्कानं स्वतःच्या हातात घेतलं. त्यात एक काळा ठिपका होता आणि तो हलत होता. जन्मभर कोंबड्या पाळल्या, पण ही बाई अंड्याच्या आत पहिल्यांदाच बघत होती.

"पोटात पोर असताना आमास्नी असलं कुनी दावलं न्हाई," ती म्हणाली. तिला दोन मुलं जगली आणि दोन गेली, हे मला तेव्हा कळलं.

मी उठून तिघांचा चहा ठेवला.

* * *

चौदाव्या दिवशी भर दुपारी वीज गेली. वानखेडे कारखान्यात होते. मी दर दहा मिनिटांनी सोसायटीच्या ग्रुपवर विचारत राहिले, कधी येणार, कधी येणार. शेवटी दामल्यांचा मेसेज आला, "वीज आमच्या ताब्यात नाही. असती तर नियमावली केली असती."

अक्का गोधडी घेऊन आली. आम्ही खोका गुंडाळला, शेकायच्या पिशव्या गरम करून आत ठेवल्या आणि त्या थंड होतील तशा बदलत गेलो. चार तास. मधेच बेल वाजली. दारात दामले उभे होते. हातात त्यांच्या घरची शेकायची पिशवी होती, भरलेली.

"ही परत हवी आहे," एवढंच म्हणाले आणि गेले.

* * *

शेवटचे तीन दिवस झाकण उघडायचं नाही, हा नियम. आतली दमट हवा गेली तर कवचाच्या आतला पापुद्रा वाळतो आणि पिल्लू अडकतं. हा नियम मीच मोठ्या अक्षरात लिहून खोक्यावर चिकटवला होता.

विसाव्या दिवशी अंड्यांतून आवाज येऊ लागले. बारीक, पण स्पष्ट. वानखेडे हसायला लागले, मीही. अक्का आमच्या तोंडांकडे बघत राहिली. "काय झालं?"

तिच्या कानाशी ओरडून सांगितलं. तिनं खोक्याला कान लावला आणि मान हलवली. काहीच नाही.

मी झाकण उघडलं. जवळचं अंडं उचलून तिच्या गालाला टेकवलं. आतून टकटक होत होती. ती अक्काला गालावर कळली. तिनं डोळे मिटून घेतले. वानखेडे मला "बंद करा, मॅडम" म्हणत होते आणि मला ते अंडं तिच्या गालावरून काढता येत नव्हतं. ते पाच नंबरचं होतं.

दुसऱ्या दिवशी दोन पिल्लं आपली आपण बाहेर आली. चार अंडी गप्प झाली, बहुतेक वीज गेली त्या चार तासांतच. पाच नंबरला भोक पडलं आणि तिथेच थांबलं. पापुद्रा वाळला होता. माझ्यामुळे. वानखेड्यांनी ओल्या कापसानं अर्धा दिवस खपून ते पिल्लू मोकळं केलं, पण त्याचे पाय दोन बाजूंना फाकत होते. बँडेजची पट्टी लावून ते जवळ बांधले. अक्का म्हणाली, "हातानं काढलेलं पिल्लू तसंच ऱ्हातं, बाई. जगंल, पन जोर यायचा न्हाई."

* * *

दोन महिन्यांत कळलं की आपली आपण आलेली दोन्ही पिल्लं माद्या आहेत. पाच नंबरचा तुरा लाल व्हायला लागला. म्हणजे सगळं येऊन अडलं ते त्या फाकलेल्या पायांच्या प्राण्यावर. काळी तोवर गेली होती.

तो चालायला लागला, थोडा तिरका. खायचा बरा. पण माद्यांच्या मागे जायचा नाही आणि आरवायचा नाही. अक्का रोज मला विचारायची, "बाई, आरवला का गं? मला तर ऐकाया येत न्हाई." माझा काय, वानखेड्यांचा काय, फ्लॅट रस्त्याच्या बाजूला, पहाटेपासून गाड्या. मी म्हणायचे, "अजून नाही, अक्का." मग दोघी त्याच्याकडे बघत बसायचो. झाकणाची गोष्ट तिनं एकदाही काढली नाही, त्यामुळे मला जास्तच लागायचं.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी तिच्या अंगणात मेथीच्या काड्या टाकत होते, तेवढ्यात दामले फाइल घेऊन आले. त्यांचा फ्लॅट मागच्या बाजूला आहे. त्यांनी कागद काढला आणि उभ्यानं वाचला.

"'आपल्या आवारातील कोंबडा गेले तीन दिवस पहाटे पावणेपाच वाजता मोठ्याने आरवत असल्याने मागील सदनिकाधारकांची झोपमोड होत आहे. तरी योग्य ती व्यवस्था करावी.'"

"काय म्हनत्यात साहेब?" अक्कानं मला विचारलं.

मी हातातली मेथी खाली ठेवली. तिच्या कानाशी ओरडले, "आरवला, अक्का. तीन दिवस झाले."

ती पायरीवर बसली. मग दामल्यांकडे बघून म्हणाली, "साहेब, तुमी ऐकला?"

"ऐकला म्हणजे? रोज ऐकतोय."

"कसा आरवतो? बारीक का भरून?"

दामल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही मदत केली नाही. अक्का उठली, त्यांच्या अगदी जवळ गेली, पदर मागे सारला आणि त्यांच्यापुढे कान केला.

दामल्यांनी कागद फाइलमध्ये ठेवला. मागच्या बाल्कन्यांकडे एकदा नजर टाकली. चष्मा काढून खिशात घातला. आणि अक्काच्या कानाशी वाकून आरवले.