बिनझाकणाची डिकी

मला अक्षरं पत्रकांवरून लागली. माझ्या वडलांना सगळं गाव आप्पा म्हणतं, म्हणून मीही आप्पाच म्हणते. ते शेती करायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. आई म्हणते, उलटं होतं. चुलीला जाळ लावायला पत्रक, डब्याच्या तळाशी पत्रक, माझ्या वह्यांना कव्हर पत्रकाचं. त्यामुळे बरीच वर्षं माझी समजूत होती की वाक्य संपलं की उद्गारचिन्हच देतात, आणि 'निषेध' कधी एकटा येत नाही, 'जाहीर'चा हात धरूनच येतो.

आप्पांच्या पत्रकांचा विषय बहुतेक वेळा एकच असे. चेअरमनची गाडी.

आमच्या राहू गावच्या पट्ट्यात नदीचं पाणी उचलून वरच्या रानांना द्यायचं म्हणून एक उपसा सिंचन संस्था निघाली होती. लोकांनी शेअर्स घेतले, नदीकाठी पंपघर उभं राहिलं, रानारानांतून पाइप पुरले. चाचणीच्या दिवशी नारळ फुटला, मोटार चालू झाली आणि पाइपही नारळासारखाच फुटला. त्यानंतर पाणी आलं नाही. आली ती पांढरी अँबॅसिडर. चेअरमन म्हणाले, मंजुऱ्यांसाठी सारखं पुण्याला जावं लागतं. आप्पांनी पत्रक काढलं, 'मंजुरी चाकांवर, सभासद पायांवर!'

घराण्याची दंतकथाही याच गाडीची. आप्पा दौंडच्या छापखान्यातून ताजा गठ्ठा घेऊन खुटबाव स्टेशनला उतरले. वैशाखातलं ऊन, राहूकडं जायला काही नाही. मागून पांढरी गाडी आली, काच खाली झाली आणि चेअरमन म्हणाले, "या आप्पा, बसा." आप्पांच्या खांद्यावर त्याच गाडीविरुद्धचं पत्रक. आप्पा म्हणाले, "पाइपात पाणी येऊ द्या, मंग बसंन." आणि गठ्ठा घेऊन राहूपर्यंत चालत आले. ही गोष्ट मी दर दिवाळीला ऐकत आले. दर दिवाळीला ऊन वाढत गेलं. अलीकडे त्यात डांबर वितळतं आणि गाडी बरंच अंतर मागून रांगत येते.

संस्था यथावकाश बुडाली. पाण्याच्या एका थेंबाशिवाय बुडणं सोपं नसतं, पण आमच्या संचालकांनी ते करून दाखवलं. कारभार गुंडाळायला सरकारी अवसायक आला, मोटारी आणि पाइप भंगारात गेले आणि त्यांच्याबरोबर ती गाडीही दौंडला एका भंगारवाल्याच्या वाड्यात जाऊन पडली. मला कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. ही गाडी सभासदांच्या पैशाची. चेअरमन एकटा तिच्यात बसला आणि आता ती वितळवून कुणाच्या तरी बंगल्याचं गेट होणार. मी ठरवलं, ती आणायची, चालू करायची आणि संस्थेची शेवटची सभा होईल तेव्हा आप्पांना मागच्या डाव्या सीटवर, चेअरमनच्या जागेवर बसवून दारात उतरवायचं. पत्रकांनी जे झालं नाही ते चार चाकांनी करायचं.

भंगाराच्या भावानं घेतलेली गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून दारात आली. दारं गंजलेली, आत कोंबड्यांची पिसं, डिकीच्या झाकणाला पत्रा कमी आणि भोकं जास्त. आप्पांनी एक फेरी मारली.

"म्हशीशेजारी लावू नगं," ते म्हणाले. "दूध आटंल."

मी माझा बेत सांगितला. ते म्हणाले, पाणी आलं का? मी म्हणाले, रेडिएटरच्या पाइपात येईल. ते हसले नाहीत. म्हणाले, माणसानं जन्मात एकदाच धड 'न्हाई' म्हणलं, ते पण पोटची पोर मोडायला निघाली. आणि आत जाऊन भाकरी खाल्ली.

पैशाचं म्हणाल तर मी तळेगाव ढमढेऱ्याला फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम करते. पत्रकांवर वाढलेली मुलगी वाढदिवसाचे फ्लेक्स बनवते, यावर आप्पांनी अजून पत्रक काढलं नाही एवढीच त्यांची माया. त्या पगारात जुनी गाडी उभी करायची म्हणजे उपास करून लठ्ठ व्हायचं. म्हणून मी वस्तुविनिमय सुरू केला. कार्ब्युरेटरच्या बदल्यात एका सुटे भागवाल्याच्या पुतण्याचा फ्लेक्स. तत्त्व म्हणून मी 'भावी आमदार' हे शब्द कधीच लावत नसे. लोकशाहीत भावी असं काही नसतं, असं मी गिऱ्हाइकांना समजावायचे आणि मालक मला समजावायचा. कार्ब्युरेटरसाठी मी 'भावी सरपंच' लावलं. रेडिएटरच्या वेळी मुलगा बारावीत होता, त्याला 'भावी जिल्हा परिषद सदस्य' केलं. डिकीच्या झाकणापर्यंत पोचले तेव्हा समोरच्यानं 'भावी खासदार' मागितलं. तिथे मी थांबले. माणसाला कुठेतरी रेघ मारावी लागते. जुनं झाकण तोवर गळून पडलं होतं, डिकी बिनझाकणाची राहिली.

मिस्त्री तळेगावचाच. आत्मविश्वास दांडगा. कुठल्याही आजाराला तो कार्ब्युरेटर साफ करायचा. ब्रेक लागत नाहीत म्हटलं तरी आधी कार्ब्युरेटर साफ करून घ्यायचा. गाडीचा सेल्फ काही त्याच्यानं जागा झाला नाही. "ताई, धक्का मारायचा आन् जायचं," तो म्हणाला. "ह्या गाड्या अशाच असत्यात. पब्लिकला कामाला लावल्याबिगर निघत न्हाईत." एवढं एकच निदान त्याचं बरोबर आलं.

सीटा शिरूरला शिवल्या. स्टँडजवळ एक चाचा जीप आणि ट्रॅक्टरच्या सीटा शिवतात, त्यांच्या वडलांपासूनचं दुकान आहे. रेक्झिन परवडेना म्हणून मी दुकानातले वाया गेलेले फ्लेक्स घेऊन गेले. चाचांनी एक फ्लेक्स झटकून बघितला. त्यावर एक नेते हात जोडून उभे होते.

"ह्यांना खाली घालू का वर?"

मी म्हणाले, पांढरी बाजू वर, नेते आत. त्यांनी सीटा तशा शिवल्या, पण छताला मात्र उलटं केलं. म्हणाले, कापड पुरत नव्हतं, आणि नाही तरी ही मंडळी वरूनच बघत असतात. आता गाडीत मान वर केली की तालुक्यातले अर्धे इच्छुक हात जोडून तुमच्याकडे बघून हसतात. बिनझाकणाच्या डिकीवरही मी फ्लेक्सचाच तुकडा अंथरला आणि सायकलच्या ट्यूबनं बांधला.

गाडी पहिल्यांदा चालू झाली तेव्हा आई भाजीची पिशवी घेऊन बाहेर आली आणि सरळ पुढच्या सीटवर बसली. तिला तळेगावच्या बाजाराला जायचं होतं. मी म्हणाले, आई, या गाडीत न बसायची घराण्याची शपथ? "मी कुठं घेतली व्हती?" ती म्हणाली. "शपथ घेताना मला कुणी इचारलं न्हवतं. मी त्या दिशी पाणी भरत व्हते." येताना तिनं वांगी, मेथी आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्या भरून आणल्या. आप्पा ओट्यावर पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता, पण पानही बराच वेळ उलटलं नव्हतं.

मग सभेची तारीख आली. संस्था कायमची बंद करायची आणि पंपघराची जागा विकायची, असा विषय होता. आप्पांचा विरोध होता. जागा सभासदांकडेच राहावी, असं त्यांचं पत्रक तयार होतं. मी टाइप करताना त्यातली सात उद्गारचिन्हं काढली, त्यांनी हातानं परत घातली. सभेच्या दिवशी सकाळी मी गाडी पुसून दारात लावली आणि मागचं डावं दार उघडून उभी राहिले. आप्पा धुतलेली टोपी घालून बाहेर आले, दाराकडे बघितलं, दार लावलं आणि म्हणाले, "मी दुधाच्या टेम्पोनं येतो."

मला राग आला. इतक्या महिन्यांची खटपट, दोन भावी माणसं माझ्या माथ्यावर, आणि हे टेम्पोनं. मी म्हणाले, ठीक आहे, मी एकटी जाते. बसले, आणि लक्षात आलं की एकटीला ही गाडी चालूच करता येत नाही. मी किल्ली फिरवत राहिले. आतून कट कट एवढाच आवाज. आई दारातून म्हणाली, "आता दोघं बी हितंच बसा. चहा ठिवते."

थोड्या वेळानं गाडी हलल्यासारखी वाटली. आरशात बघितलं तर आप्पा डिकीच्या कडेला दोन्ही हात लावून वाकले होते.

"आप्पा, काय करताय?"

"बसणार न्हाई म्हणलो व्हतो. धक्का मारणार न्हाई असं कुठं म्हणलो? गिअर टाक."

दारापासून रस्त्यापर्यंत उतार आहे. गाडी घरंगळली, मी क्लच सोडला, दोन आचके बसले आणि इंजिन लागलं. अशा गाडीचं एक असतं, लागली की थांबायचं नाही. थांबलं की संपलं. मी ओरडले, आप्पा, आत या, थांबवता येत नाही. आरशात आप्पा पळताना दिसले, धोतर एका हातात, पत्रकं दुसऱ्यात. या वयातला माणूस. मी ब्रेकवर पाय नेला. तेवढ्यात गाडीची मागची बाजू खाली दबली. आरशात आता नुसती टोपी होती, तीही पाठमोरी. आप्पा बिनझाकणाच्या डिकीत, फ्लेक्सवरच, पाय बाहेर सोडून, मागे तोंड करून बसले होते.

मी काचेतून विचारलं, बसलात का?

"बसलो न्हाई," टोपी म्हणाली. "माल म्हणून चाललोय."

असे आम्ही सभेला गेलो. रस्त्यावर मागून येणाऱ्या प्रत्येक दुचाकीवाल्याला आप्पांनी एकेक पत्रक दिलं. उभ्या आयुष्यात त्यांना इतकी सोयीची जागा मिळाली नव्हती.

सभेला गणसंख्या नव्हती. ती कधीच नसते. मग अध्यक्ष सभा तहकूब करतात आणि नियमाप्रमाणे अर्ध्या तासानं तीच माणसं त्याच खुर्च्यांवर बसून तीच सभा पुन्हा घेतात, त्या वेळी गणसंख्या लागत नाही. सहकारातली ही एवढी एकच जादू मला माहीत आहे. त्या अर्ध्या तासात सगळे गाडीभोवती जमले. चेअरमनही आले. आता ते माजी, काठी टेकत, एकटेच. मुलगा कुठल्यातरी मोठ्या गाडीतून सोडून गेला होता. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, आत वाकून छत बघितलं आणि छतावरच्या एकाला ओळखून तोंड वाकडं केलं. मग मागे आले. आप्पा अजून डिकीतच बसले होते. उतरायला जमत नव्हतं, पण ते कबूल करायचं नव्हतं.

"आप्पा, आत बसायचं की," चेअरमन म्हणाले.

"पाणी आलं का?"

"न्हाई आलं." चेअरमन काठीवर रेलले. "पण खरं सांगू? ही गाडी मला दुसऱ्याच वर्षी विकायची व्हती. पुण्यापातूर धड जायाची न्हाई. तेल-पाणी कोण बघतंय? पण विकली आसती तर तुम्ही छापलं आसतं, पत्रकामुळं विकली. म्हून ठिवली. तुमच्यामुळं मी वीस वर्षं हिला धक्का मारला."

कुणीतरी फिसकन हसलं. मी आप्पांकडे बघत होते. आयुष्यभर ज्या गाडीविरुद्ध लिहिलं, ती त्या लिहिण्यामुळेच टिकली, हे त्यांच्या आत कुठे जातंय ते मला दिसत होतं. मलाही ते कुठेतरी लागत होतं, कारण मग मी दौंडहून जे आणलं ते नेमकं काय होतं? आप्पांनी हातातलं शेवटचं पत्रक घडी करून खिशात घातलं.

"आन् त्या दिशी खुटबावला," ते म्हणाले, "मी गेल्यावर तुम्ही मागून येत व्हता का?"

"कुठलं येतोय? तुम्ही गेला आन् गाडी बंद पडली. तिथंच लिंबाखाली बसलो व्हतो. तुम्ही माझ्याआधी घरी पोचला."

आप्पा इतके हसले की डिकीची चौकट हलली. त्यांना उतरवायला मग दोघांनी हात दिला, एक मी आणि एक चेअरमन. अर्धा तास झाला, सभा पुन्हा सुरू झाली. पंपघराची जागा विकायचा ठराव मंजूर झाला. विरोधात हात वर झाले ते आप्पांचा, माझा आणि कशासाठी कोण जाणे, चेअरमनचा.

परतताना चेअरमनना न्यायला कुणी आलं नव्हतं. त्यांनी आप्पांना विचारलं नाही, मला विचारलं. मी मागचं डावं दार उघडलं. माझा सगळा बेत त्या सीटवर दुसऱ्या माणसासाठी होता, पण तो माणूस मागे जाऊन डिकीला हात लावून उभा राहिला होता. सभासदांनी धक्का मारला. गाडी लागली, मागून टोपी वर आली आणि आम्ही निघालो. वाटभर काचेच्या आतून एक आणि बाहेरून एक म्हातारा, पाइप नक्की कुणाच्या रानात फुटला यावर भांडत होते. मी थांबू शकत नव्हते, म्हणून चेअरमनच्या घरावरून पुढे जाऊन, वळसा घालून, हळू करत त्यांना त्यांच्या दारात जवळजवळ सांडलं.

घरी आल्यावर गाडी दारात बंद पडली. आई ओट्यावर होती.

"बसले का?" तिनं मला विचारलं.

"डिकीत."

आई मागे गेली. आप्पा पाय सोडून तसेच बसून होते. तिनं त्यांना उतरायला हात दिला नाही. पदर खोचला, सायकलची ट्यूब बाजूला सारली आणि त्यांच्या शेजारी डिकीत बसली.

"झाकण आणू नगंस आता," आप्पा मला म्हणाले.