परतूरच्या फॉरवर्डची नडगी

माझ्या गावाहून, धावड्याहून, कॉलेजसाठी जालन्यात आलो तोवर मी फुटबॉल कधी बघितलाही नव्हता. नव्वदीची सुरुवात होती. नवीन जालन्यात स्टेशनच्या मागं एक मोकळं मैदान होतं. तिथं रोज संध्याकाळी रेल्वेत नोकरीला असलेले एक मल्याळी गृहस्थ पोरांना खेळ शिकवायचे. केरळातून बदली होऊन ते इकडं आले होते. त्यांच्याकडं म्हणे बायकासुद्धा मॅच बघायला कामं टाकून येतात. आमच्याकडं चारदोन रिक्षावाले उभे राहिले तरी त्यांना गर्दी झाल्यासारखं वाटायचं. सगळे त्यांना मास्तर म्हणत.

चेंडू काही माझ्या पायात टिकायचा नाही. पण ढेकळात धावून पाय घट्ट झाले होते आणि धक्का लागला तरी मी पडत नसे. मास्तरांनी मला बॅकला उभं केलं. "तू दीवार," ते म्हणाले. मला ते फार आवडलं. समोरचा आपटला की बघणारे शिट्ट्या मारतात, हेही मला लवकरच कळलं. चेंडू सुटला तर सुटू दे, माणूस सुटता कामा नये, असा माझा खेळ झाला. मास्तर सराव थांबवून ओरडायचे, "बॉल को मारो, आदमी को नहीं!" मी मान हलवायचो.

त्या वर्षी मराठवाड्याची हौशी संघांची स्पर्धा जालन्यात झाली. सेमीफायनलला आमच्यासमोर परभणीचा संघ आला. त्यांचा फॉरवर्ड मूळचा आपल्याच जिल्ह्यातला, परतूरचा. वीस-एकवीस वर्षांचा, किडकिडीत, डाव्या पायानं खेळणारा. पहिल्या अर्ध्यात त्यानं मला दोनदा असा चकवला की दुसऱ्यांदा मी तोंडावर पडलो. अख्खं मैदान हसलं. त्यातच त्यानं गोल केला.

मध्यंतरात मास्तर पंचांशी काहीतरी बोलायला गेले. आमचा कॅप्टन जालन्यातल्याच मस्तगडचा होता, रोलिंग मिलमध्ये कामाला. दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग. त्यानं माझी कॉलर धरली.

"ए धावड्या, तमाशा करून राह्यलास का? त्याचा डावा पाय दिसतो ना तुला?"

"दिसतो."

"मंग पुन्हा दिसला न्हाई पाहिजे."

मी हो म्हणालो. त्यानं कॉलर सोडली त्याच्या आधीच माझं ठरलं होतं.

खेळ सुरू होऊन पाचेक मिनिटं झाली असतील. तो डावीकडून आला, चेंडू माझ्या बाजूनं पुढं ढकलला आणि निघाला. चेंडू माझ्या आवाक्यात होता. मी तो जाऊ दिला आणि सगळं अंग घालून त्याच्या डाव्या नडगीवर लाथ मारली. तुरीचं वाळलेलं खोड मोडावं तसा आवाज आला. तो पडला, उठायला गेला आणि पाय मधूनच वाकला. मग तो ओरडला. तसा आवाज मी बैलाचा ऐकला होता, माणसाचा नव्हता.

त्यांचा गोलकीपर सरळ माझ्यावर धावून आला. पहिला ठोसा तोंडावर बसला, दात हलला. कॅप्टननं त्याला मागून पाडलं आणि छातीवर बसून बदडायला सुरुवात केली. दोन्ही बाजूंचे लोक मैदानात घुसले. दगड सुरू झाले. कुणीतरी गोलचा बांबू उपटला. मी कोपऱ्यातल्या झेंड्याची काठी ओढून काढली आणि समोर पांढरं दिसेल तिथं मारत सुटलो, कारण परभणीवाले पांढऱ्या कपड्यांत होते. खरं सांगायचं तर त्या वेळी मला भीती वाटत नव्हती. बरं वाटत होतं.

एक पांढरा सदरा हात वर करून माझ्यासमोर आला. मी पूर्ण ताकदीनं काठी घातली. ती कानावर बसली. तो माणूस गुडघ्यांवर बसला, आणि मग मला दिसलं की ते मास्तर होते. कानातून रक्त सदऱ्यावर गळत होतं.

पोलिसांनी लाठ्या चालवून मैदान मोकळं केलं. दोन्ही संघ स्पर्धेतून बाद झाले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. मास्तरांच्या डोक्याला पट्टी होती. पडलो, दगड लागला, असा त्यांनी पोलिसांना जबाब दिला होता.

"मास्तर, ती काठी माझी होती."

"मालूम है. सामनेच होतो मी."

"मला वाटलं त्यांच्यातला कुणी..."

"वो ठीक है. अंधा झाला होता तू." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "और वो टांग? ते पण चुकून?"

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

आठ दिवस मी तसेच काढले. मग रेल्वेनं परतूरला गेलो. घर विचारत विचारत सापडलं. अंगणात त्याचा मोठा भाऊ सायकल पुसत होता.

"कोण पाहिजे?"

"मी जालन्याच्या टीमचा. पाय मीच मोडला."

त्यानं फडकं खाली ठेवलं आणि आधी एक कानाखाली मारली, मग बुक्क्या, मग लाथा. नाकातून रक्त आलं. मी हात वर केले नाहीत. जितकं लागेल तितकं फिटेल, असं मनात चाललं होतं.

"दादा, बस कर," आतून आवाज आला. तो फॉरवर्ड बाजेवर होता, पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. त्यानं मला दारात बोलावलं.

"मार खायला आल्तास का?"

मी बाहीनं नाक पुसलं.

"खाल्लास. आता तू मोकळा जाशील. मी न्हाई." मग त्यानं विचारलं, "कुणी सांगितलं होतं का?"

"सांगितलं होतं. पण मला मारायचाच होता. लोक हसले म्हणून."

त्याची आई तांब्याभर पाणी घेऊन आली. "नाक धू अन् जा," ती म्हणाली. मी धुतलं आणि निघालो. तो पुन्हा खेळला नाही. पाय आखूड राहिला, असं नंतर कळलं.

महिनाभरानं मास्तर मैदानावर आले. पोरं भोवती जमली होती, कॅप्टनही होता. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "परतूरला जाऊन आलो. त्याला खरं सांगितलं."

त्यांनी काठी बसलेल्या कानाला हात लावला आणि मान वळवून दुसरा पुढं केला. "इसमें अब सुनाई नहीं देता. जोर से बोल."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी कुणाला, कुठं, कशासाठी मारलं, ते पहिल्यापासून मोठ्यानं सांगितलं.