ढोलकीच्या चार चकत्या

शनिवार, २६ ऑक्टोबर, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी दादांची ढोलकी कायमची सुरक्षित करण्यास प्रारंभ केला.

दादा म्हणजे माझे थोरले बंधू. सहा वर्षांपूर्वी गेले. आमच्या जाखडी नाचाच्या मंडळासाठी मी पूर्वी एक सॅम्पलर घेतला होता. आवाज पकडून ठेवणारे आणि पट्टी दाबताच तो वाजवणारे यंत्र. दादांच्या ढोलकीची थाप न् थाप त्याच्या चौदा फ्लॉपींवर होती. मंडळाच्या कॅसेट पुरात गेल्या. फ्लॉपी उरल्या, पण त्यांनाही बुरशी धरू लागली. म्हणून सगळे सीडीवर उतरवायचे ठरवले.

सीडी भरत असताना यंत्राला हादरा चालत नाही. मी घरात चालण्यास बंदी केली. मिक्सरलाही.

"मग चटणी पाट्यावर वाटू?" पत्नीने विचारले.

"त्यानेही हादरा बसतो."

"मग आज भाताबरोबर शिस्तच खा."

तरीही चार सीडी वाया गेल्या (चौथीच्या वेळी मीच शिंकलो). चार साधल्या. सीडीवर पेनाने लिहिणे मला मान्य नाही. शाई आत झिरपते. म्हणून खुर्चीत बसल्या बसल्या डावीकडे चांगल्या, उजवीकडे वाया गेलेल्या, अशी व्यवस्था लावली. इतक्यात घंटागाडी आली. काम झाल्यावर कच्चा माल ठेवू नये, या नियमाने फ्लॉपी मोडून तिच्या स्वाधीन केल्या.

साडेअकराला वहिनी आल्या. त्या कुडपणला असतात, महाडला बाजारासाठी उतरल्या होत्या.

"भावजी, या चकत्या फुकट गेल्या का? द्या मला. नाचणीला पाखरं लय हायत. दोरीला बांधल्या की चमकतात."

मी उठून टेबलापलीकडे उभा होतो. उजवीकडच्या चार उचलून स्वहस्ते दिल्या.

जेवणानंतर उरलेल्या तपासल्या. यंत्राने चारही वेळा कळवले, की आत काही नाही.

"अहो," पत्नी म्हणाली, "देताना तुम्ही टेबलाच्या कुठल्या बाजूला होतात?"

मी चपला घातल्या. कुडपणच्या पठारावर वहिनींचा फोन लागत नाही. पोलादपूरपर्यंत एसटी, पुढे जीप. जीप भरेपर्यंत चालकाला तीनदा वेळ विचारली.

"काका, कुनी शिरेस हाय का?" तो म्हणाला.

पोचलो तेव्हा नाचणीत चारही सीडी काठ्यांवर गरगरत होत्या.

"ब्येस काम केलंत, भावजी. दुपारधरनं एक पाखरू फिरकलं नाय."

"त्या परत हव्यात, वहिनी. त्यांत दादांची ढोलकी आहे."

वहिनींनी एक दोरी धरून सीडी स्थिर केली.

"मग ऱ्हाऊ द्या हितंच. जिते व्हते तवा नाचापायी कधी शेतावर थांबले नाय. आता तरी राखण करू देत."

"बदल्यात वाया गेलेल्या चार देतो."

"आनल्यात?"

त्या सीडी महाडला घरी होत्या. घाईत विसरलो नव्हतो. व्यवस्थित कपाटात लावून आलो होतो.

"मग दिस मावळेस्तोवर पाखरं कोन हाकनार?"

दोऱ्या भोकातूनच ओवल्या होत्या; ओरखडा नव्हता. सीडी रुमालात गुंडाळून खिशात ठेवल्या आणि दिवस मावळेपर्यंत मी नाचणीत उभा राहून तेलाचा रिकामा डबा वाजवला. पाखरे आली नाहीत. ठेका चुकतो आहे, असे मात्र वहिनींनी बांधावरून दोनदा कळवले.