सहा दारांचे दिवे

"एवढंसं तर काम आहे" असं कुणी म्हटलं की माझं डोकं सटकतं. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या त्या खोक्यांच्या कारखान्यात सुपरवायझरने मला दारातच ऐकवलं, "मॅडम, सहा दिवे लावायचे, बस! एवढंसं काम." एरवी मी सुनावलंच असतं. पण त्या दिवशी मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. सेफ्टी कंट्रोलरचं काम पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या हातात आलं होतं.

मिठाईची खोकी कापून घडी घालणारं लांबलचक मशीन, त्याला जाळीची सहा दारं. एक जरी दार बोटभर उघडलं तरी कंट्रोलर मशीन जागच्या जागी थांबवायचा, कारण आत कुणाचा हात असू शकतो ना! ते काम तो चोख करत होता. भानगड अशी की कोणतं दार उघडलं ते कळायचंच नाही. मशीन थांबलं की सगळे इकडून तिकडे पळायचे आणि तोवर दार परत मिटलेलं असायचं. म्हणून हे दिवे, जे दार उघडेल त्याच्यावरचा पेटायचा.

खापर मात्र दर वेळी काकूंवर फुटायचं. काकू मूळच्या मालवणकडच्या, माझ्या आईच्या वयाच्या, चौथ्या दारापाशी बसून तयार खोकी उचलायच्या. कंबर सरळ करायला मिळावी म्हणून त्याच दार ओढतात, असं सुपरवायझरचं ठाम मत. त्याने नियमच करून ठेवला होता, ज्याच्या दारामुळे मशीन थांबेल त्याने सगळ्यांदेखत मशीनच्या टोकापर्यंत चालत जाऊन, ते परत सुरू करणारं रिसेटचं बटण दाबायचं. कित्येक आठवडे काकूच चालत होत्या. आज दिवा त्यांच्या दारावर लागला, की उद्यापासून त्यांना गोदामात झाडू मारायला पाठवणार, असंही तो सांगून बसला होता.

"मी दार उघडूक नाय गो," काकू मला हळूच म्हणाल्या. आमचंही घर कोकणातलंच. मला गलबलून आलं. मी म्हटलं, "काकू, काळजी करू नका. दिवा खोटं बोलत नाही."

कंट्रोलरला काही जादा आउटपुट असतात, म्हणजे बाहेर सिग्नल पाठवायच्या जागा. ते नुसती खबर देतात. त्यांच्या भरवशावर मशीन थांबवायचं नाही, कुणाचा हात त्यांच्यावर सोपवायचा नाही. पण खबर काय कमी असते? मी लॅपटॉप उघडला, मशीनचं ड्रॉइंग बघून दारांना नंबर दिले, प्रत्येकाला एक आउटपुट जोडला. दार क्षणभर हललं तरी दिवा रिसेटपर्यंत पेटलेला राहील, अशी सोयही केली. माझ्याबरोबरच्या इलेक्ट्रिशियनने कामगारांना दारांचे नंबर विचारून त्या त्या दारावर दिवे बसवले. सहाही दिवे एकदम पेटवून बघितले. काय झकास दिसत होते! एकेक दार उघडून बघायचं तेवढं राहिलं. घाई, दुसरं काय.

मशीन सुरू झालं. थोड्या वेळाने खाडकन थांबलं आणि दिवा पेटला. चौथ्या दारावर.

"बघा! मी काय सांगत होतो?" सुपरवायझर ओरडला.

काकू ओरडल्या नाहीत. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "गो चेडवा, तू म्हटलंस ना, दिवो खोटा बोलाचो नाय?"

आणि मग मला त्यांचे हात दिसले. दोन्ही हातांत हनुवटीपर्यंत खोक्यांची चळत! ही बाई दार काय दाताने उघडणार?

"थांबा! रिसेटला कुणी हात लावायचा नाही!" मी अशी किंचाळले की इलेक्ट्रिशियन दचकला. धावत जाऊन मी काकूंचं दार स्वतः उघडलं. दिवा पेटला तो पलीकडच्या, समोरच्या तिसऱ्या दारावर.

वाट लागली होती माझी, पण मला नाचावंसं वाटलं. कारखान्यात दारं मोजायची ती भिंतीवरच्या देवाच्या फोटोपासून, प्रदक्षिणा घालतात तशी. ड्रॉइंग काढणाऱ्याने मोजली होती नेमकी उलट्या फेरीने. त्याचं चौथं ते यांचं तिसरं! चूक दिव्याची नव्हती, माझी होती. काकूंची मी तिथेच माफी मागितली.

सगळे तिसऱ्या दाराकडे वळले. तिथे सुपरवायझरची खुर्ची, आणि दाराच्या कडीला त्याच्या डब्याची पिशवी.

"पिशवीने काय होतंय?" तो म्हणाला.

"बघू या की!" मी नंबर सुधारले, या वेळी एकेक दार उघडून प्रत्येक दिवा तपासला. पिशवी होती तशीच ठेवली. मशीन सुरू झालं, वेग वाढला, कडी थरथरायला लागली, पिशवी झुलून दाराला हिसके द्यायला लागली. खाडकन! तिसरा दिवा.

सवयीने सुपरवायझरच्या तोंडून निघालंच, "काकू, रिसेट!"

काकू जागच्या हलल्या नाहीत. "ज्याचा दार तेनीच रिसेट दाबूचा ना, सायबानू?"

कुणी हसलं नाही. तो कडीवरची पिशवी काढून घेऊन, सगळ्यांदेखत मशीनच्या टोकापर्यंत चालत गेला आणि त्याने बटण दाबलं. काकूंनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांची खोकी यायला लागली होती.