शेतकरी मंडळाच्या सभेतली बाई

वडील गेले त्या वर्षी शेतकरी मंडळाच्या सभेत त्यांच्या जागी मी बसलो, अवघडून. भातलावणीला कोणाच्या शेतात कधी सगळ्यांनी उतरायचं, हे त्या कौलारू सभागृहात ठरे. पाळी न मिळालेल्याच्या भातरोपांचा तरवा वाफ्यातच पिवळा पडे.

मला अनोळखी असलेली एक बाई पायरीवर चिखलाचे पाय धुऊन सरळ आत आली.

"बाये, दिराक धाड. हंय बायलमाणसा बसणत नाय," कोणीतरी म्हणालं.

तिनं पदर खोचला, माझ्याकडे बोट केलं. "ह्येचो बापूस गेलो, ह्यो बसलो. माजो घोव गेलो, मी बसतंय."

मी सरकलो. ती शेजारी बसली, आणि माझंही अवघडलेपण गेलं.

म्हाताऱ्या अध्यक्षांनी घसा खाकरला. "तरवो कधी तयार जातलो तुजो?"

"तयारच आसा. तुमचीच वाट बघता."