न धुतलेलं कव्हर

"मशीन धुतल्याबिगर माझ्या दुकानातनं भाईर जात नाय, मालक कुणी का असंना," असं भागुजी एकदा म्हणाला होता.

वारूळवाडीत रस्त्याला लागून त्याचं पत्र्याचं दुकान. आधी तो पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. मग शहाण्णवच्या सुमारास लाकूड कापायच्या मशिनी आल्या, कुऱ्हाडी कोपऱ्यात गेल्या आणि त्याचं काम बदललं. लोक मशीन चालवायचे, पुसायचे नाहीत. साखळीला ट्रॅक्टरचं जळकं ऑइल घालायचे. त्यात भुसा कालवला जाऊन लगदा व्हायचा. तो साखळी फिरते त्या पट्टीच्या खाचेत बसायचा, ऑइलचं भोक बुजायचं आणि कोरडी साखळी तापून निळी पडायची. भागुजी हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्यानं सगळं खरवडून काढायचा. फिल्टर झटकायचा, प्लग तारेच्या ब्रशनं घासायचा. साखळीच्या प्रत्येक दाताला कानशीचे तीन हात. चौथा नाही.

भुसा मात्र तो लगेच फेकत नसे. चिमटीत धरून बघायचा. पीठ निघालं तर साखळी बोथट, भरड निघाला तर धार बरी. वासावरून झाड ओळखायचा.

दोन हजार दोनचा एप्रिल होता. सकाळी दहाला द्रौपदा दुकानात आली. मढच्या पुढच्या डोंगरातलं तिचं गाव. गावाच्या वर देवराई, तिथली वाळकी काडीसुद्धा कुणी चुलीला आणत नसे. चार दिवसांपूर्वी सगळं गाव वऱ्हाडाला गेलं असताना देवाशेजारचा, शेंदूर फासलेला जुना आंबा कुणीतरी कापून नेला होता. गावात मशीन एकट्या सोपानची, म्हणजे तिच्या नवऱ्याची. आणि वऱ्हाडाला तो गेला नव्हता, तापानं घरी पडून होता.

"दादा, आज सांजच्याला देवापुढं बसवणार हायेत त्यांला," ती म्हणाली. "कबूल कर म्हणत्यात. न्हाई केलं तर गाव तोडणार. पानवठ्यावर आत्ताच कुणी हंडा भरू देत न्हाई."

"मी काय करू, ताई?"

"तुमच्याकडं समद्यांच्या मशिनी येत्यात." तिनं फळीवरच्या मशिनींवरून नजर फिरवली. "दोनच्या गाडीनं जाते. तवर ष्टँडवर हाये मी."

एक वाजता नवनाथ आला. लाकडाचा ठेकेदार. त्याच्या सात मशिनी होत्या आणि भागुजीचं निम्मं दुकान त्यांच्यावर चालायचं. त्यानं एक मशीन फळीवर आदळली.

"ओढत नाय, भाऊ. साखळी बदल, धू आन दे."

"ठिऊन जा. चारला ये."

"आज नाय राव. माझ्यासमोर धू." तो स्टुलावर बसला.

भागुजीनं साखळी हातावर फिरवली. ओळीनं तीन दात तुटले होते.

"खिळ्यावर गेलीय. काय कापत व्हता?"

"निलगिरी."

"निलगिरीला कोण खिळं मारतं?"

"तू मिस्तरी हायेस का पोलीस?" नवनाथ हसला. भागुजी हसला नाही. खिळे कुठल्या झाडाला असतात, हे त्याला माहीत होतं. नवसाच्या घंटा त्यांवर टांगतात.

त्यानं दोन नट काढून बाजूचं कव्हर उचललं. आत भुसा दाबून बसला होता. वरून काळा. नखानं पापुद्रा काढला तर खालचा थर भगवा. अंगठ्यावर रंग उतरला, तेलकट, पुसला तरी जाईना. आणि कैरीच्या देठाच्या चिकासारखा वास आला.

पेट्रोलची वाटी शेजारीच होती, ब्रश तिच्यात बुडलेला. हात सवयीनं तिकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. एक ब्रश फिरला असता तर काहीच उरलं नसतं. ना आंबा, ना शेंदूर, ना सोपान.

नवनाथनंही पाहिलं होतं.

"गंज असंल," तो म्हणाला.

"गंज तेलकट नसतो."

"धू म्हणलं ना. तुला काय त्याचं? तुझ्या घरात देव नाय, शेंदूर नाय. आंबा पडला काय न् उभा राह्यला काय."

"देव नाय," भागुजी म्हणाला. "सोपान हाय."

नवनाथ उठला. आवाज चढवला नाही त्यानं, उलट खाली आणला. "सोपान पाया पडंल, नारळ फोडंल, सुटंल. माझ्या सात मशिनी मात्र उद्या दुसऱ्या मिस्तरीकडं जातील. आन तू सांगणार त्या गावाला? देवळाच्या पायरीवर तरी घेतील का तुला?"

ते खरं होतं. म्हणून ते बोलून झाल्यावरही दुकानात राहिलं, पत्र्याखालच्या उष्म्यासारखं. भिंतीवरच्या कॅलेंडरात बुद्धाचे डोळे मिटलेले होते. मोटार दुरुस्तीला भागुजी त्या गावात गेला होता, तेव्हा दोन घरांनी त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं होतं. तिसरं घर सोपानचं. तिथं द्रौपदानं तांब्या हातात दिला होता.

घड्याळात पावणेदोन झाले होते.

भागुजीनं कालचा पेपर फळीवर पसरला. भुशासकट कव्हर त्यावर ठेवलं, एक कणही न सांडता. तुटक्या दातांची साखळी वर ठेवली. पेपर दुमडून पुडकं तारेनं बांधलं. ब्रश वाटीतून काढून आडवा ठेवला.

नवनाथ दारात जाऊन उभा राहिला होता. "भागुजी, ठेव ते. मशीन माझी हाय."

भागुजीनं खुंटीवरची टोपी घातली.

"लई गमजा मारतोस ना, धुतल्याबिगर देत नाय म्हणून? मंग धू की आता! धू!"

दार अरुंद होतं. क्षणभर दोघांच्या छात्या समोरासमोर आल्या. भागुजीनं पुडकं पोटाशी धरलं, खांदा आडवा केला आणि नवनाथच्या शेजारून, भगवा अंगठा तसाच ठेवून, ष्टँडच्या रस्त्याला लागला.